चरबीतली साक्ष

ज्या माणसामुळे भाऊ तुरुंगात गेला आणि तिथेच मेला, त्याच माणसाच्या हाताखाली रायखानने सात वर्षं नोकरी केली. रोज सकाळी त्याला सलाम केला, त्याची भाषणं लिहून दिली, त्याच्या साठीच्या मेजवानीत उभं राहून त्याला दीर्घायुष्य चिंतणारे चार शब्दही बोलली. कॅस्पियन समुद्राकाठच्या अकताऊमधले लोक म्हणत, या बाईच्या अंगात रक्त आहे की समुद्राचं खारं पाणी? अदाय कुळातल्या बायका असल्या गोष्टी गिळत नाहीत.

रायखानने काहीच गिळलं नव्हतं. तिने ते गोठवून ठेवलं होतं.

ती समुद्र-संशोधन केंद्रात सीलवर काम करायची. कॅस्पियनच्या सीलला आमचे कोळी इतबालिक म्हणतात, कुत्रा-मासा. सात वर्षांपूर्वीच्या वसंतात बर्फ वितळलं आणि किनाऱ्यावर मेलेले इतबालिक येऊन पडायला लागले. आधी दहा, मग पन्नास, मग लोकांनी मोजणं सोडलं. वाऱ्याबरोबर वास थेट शहरातल्या घरांत शिरायचा. वर्तमानपत्रं ओरडली, राजधानीतून फोन आले आणि चौकशी समिती बसली. प्रमुख होते केंद्राचे संचालक कबदेश. प्राध्यापक, नावामागे पदव्यांची रांग, आणि रायखानचे गुरू. ती त्यांना अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणायची, सगळेच म्हणायचे.

त्या दिवसांत रायखान पहाटेपासून किनारा तुडवत होती. मेलेल्या जनावराचा तिला उपयोग नव्हता, तिला हवी होती अजून धुगधुगी असलेली. असं जनावर सापडलं की कातडीखालची बोटाच्या पेराएवढी चरबी काढायची, नळीत घालायची आणि वाफाळत्या गार नायट्रोजनच्या डब्यात सोडायची. असे सतरा सील तिला मिळाले. एकाच्याही अंगावर जाळ्याचा वळ नव्हता. चरबी मात्र बोटभरसुद्धा उरली नव्हती.

आणि मग एका दुपारी तिचा धाकटा भाऊ तोलेगेन टेम्पो घेऊन केंद्राच्या दारात आला.

"अपके, बाहेर ये," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो असाच हाक मारायचा. "तीन इतबालिक माझ्या जाळ्यात अडकून मेले. तासही झाला नसेल. म्हटलं, तुझ्या कामाला येतील."

"लपवून टाकायचे सोडून इथे घेऊन आलास?"

"लपवू कशाला? जाणूनबुजून मारले का मी? सगळा किनारा सडतोय आणि कुणाला काही कळत नाहीये. तुला तरी कळू दे."

तिने तिन्हींची चरबी घेतली आणि नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिलं: नमुने अठरा ते वीस, जाळ्यात मृत, आणणारा तोलेगेन. एवढीच तिची चूक. तीच नोंद कबदेशांनी उचलली.

अहवाल बारा पानांचा होता. रायखानने लिहिलेलं नववं पान त्यात नव्हतंच. त्या पानावर तिने म्हटलं होतं की किनाऱ्यावरचे सतरा जाळ्याने मेलेले नाहीत. हिवाळाभर उत्तरेच्या तेलबेटांना सामान नेणारी जहाजं माद्यांच्या बाळंतपणाच्या बर्फातूनच वाट फोडत जातात, मरणाचं कारण तिकडे शोधावं लागेल. छापून आलेल्या अहवालात वीसच्या वीस सील 'अवैध जाळ्यांचे बळी' ठरले होते.

"अगाय, माझं पान?" तिने विचारलं.

"त्यात पुरावा कुठे होता? अंदाज होते नुसते." कबदेशांनी चष्मा पुसला. "आणि हे बघ, पोरी, समितीचं मत एकच असावं लागतं. तू सही केली नाहीस तर उद्या तुझी प्रयोगशाळाही नाही आणि तुझा तो डबाही नाही. शहाणी आहेस. कर सही."

तिने सही केली. भावाचं नाव अहवालात कुठेच नव्हतं, हे तिने स्वतःला बजावलं होतं. पण नोंदवही अहवालाला जोडलेली होती. पंधरा दिवसांत तोलेगेनला उचललं. शहराला कुणीतरी गुन्हेगार हवाच होता, आणि हा तर स्वतः टेम्पोत पुरावा घालून आलेला. तीन वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तो गेला. पार्थिव घरी आलं तेव्हा त्याचे खांदे तेरा वर्षांच्या मुलाचे असावेत तसे दिसत होते.

रायखानची आई झानिल मोठी तिखट बाई. मुलाला माती देऊन आल्यावर तिने रायखानला समोर बसवलं.

"त्या कागदावर तुझी सही आहे, असं बाजारात बोलतात. खरं का?"

"खरं आहे, शेशे."

"बरं," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने लेकीशी बोलणं सोडलं. एकाच घरात राहून. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायची: "मीठ संपलंय म्हणावं." रायखान मीठ आणून ठेवायची.

नोकरी सोडून दे, असं जो भेटेल तो तिला सांगायचा. ती सोडत नव्हती कारण तो डबा केंद्रात होता. वीस नळ्या. नायट्रोजन उडून जातो, दर दहा दिवसांनी भरावा लागतो. एकदा जरी चुकलं तरी आतलं सगळं नासून जाईल. सात वर्षांत ती एकदाही चुकली नाही. ताप असताना आली, वादळात रस्ते बंद असताना चालत आली. केंद्रात सगळ्यांना वाटायचं, बाई कामसू आहे.

त्या नळ्यांतून काय निघू शकतं हे तिला नीट माहीत होतं, फक्त ते वाचायचं यंत्र केंद्रात नव्हतं. सहाव्या वर्षी ते आलं. मग उरली एकच गोष्ट. सुखात असलेल्या सीलची चरबी कशी बोलते हे कळल्याशिवाय दुःखातली ओळखायची कशी? त्यासाठी जहाजांच्या वाटेपासून लांब, दक्षिणेच्या वाळूच्या बेटावर जायला हवं होतं. तिथे नेणारा एकच माणूस तिच्या विश्वासाचा होता. तोलेगेनचा मासेमारीतला जोडीदार सागिंदिक. त्या वसंतात त्याचीही जाळी जप्त झाली होती, आणि तो तुरुंगातून वाचला तो केवळ टेम्पो त्याचा नव्हता म्हणून.

एप्रिलमधल्या एका स्वच्छ सकाळी दोघं होडीतून निघाली. सागिंदिक सुके मासे होडीच्या काठावर आपटून सोलत होता.

"मला एकदा नीट समजावून सांग," तो म्हणाला. "तू चरबीत बघतेस काय? चरबी ती चरबी."

"प्रत्येक जनावराच्या अंगात जनुकं असतात. ती जन्मभर तीच राहतात. पण सगळी एकाच वेळी कामाला लागत नाहीत. आता कुणी तुला घाबरवलं तर काही जनुकं जागी होतील, तासाभराने निजतील."

"मला कोण घाबरवणार? बायको सोडून."

"बरं, बायकोने घाबरवलं. एकदा ओरडली तर तू विसरशील. रोज सकाळ-संध्याकाळ चार महिने ओरडली तर?"

"मग मी वाळून जाईन."

"तेच. मादी बर्फावर पिल्लाला पाजत बसलीय. जहाज आलं, ती सरकली. रात्री दुसरं आलं, पुन्हा सरकली. बर्फ फुटलं, पिल्लू पाण्यात. असं हिवाळाभर. मग एकदाच्या भीतीने जागी होतात ती जनुकं थकून गप्प होतात आणि वेगळीच कामाला लागतात. साठवलेली चरबी जाळणारी. रोगाशी लढणारी मंद पडतात. पुढे एखादा साधा आजार आला तरी जनावर उभं राहत नाही. हे सगळं चरबीत दिसतं. भीती तासाभराची होती की चार महिन्यांची, तेसुद्धा."

सागिंदिकचा हात थांबला. "म्हणजे तोलेगेनच्या जाळ्यातले ते तीन..."

"त्यांची भीती तासाभराची असणार. किनाऱ्यावरच्या सतरांची चार महिन्यांची. माझा अंदाज."

"म्हणजे चरबी चहाडी करते."

"साक्ष देते."

त्याने माशाचा एक तुकडा तिच्यापुढे धरला. "त्या कबदेशला कळेल तेव्हा मला समोर असायचंय," तो म्हणाला. "एवढं कर."

बेटावर त्यांनी बारा सीलना त्रास दिला, प्रत्येकाला थोडा थोडा. सागिंदिक जाड ब्लँकेट टाकून त्यांच्यावर बसायचा आणि त्यांना शिव्या द्यायचा. रायखान सुई टोचून चरबी काढायची आणि त्यांना सोडून द्यायची. एक म्हातारी मादी सुटल्यावर पळाली नाही. दहा पावलांवर जाऊन वळली, दोघांकडे बघून फुत्कारली आणि तिथेच पुन्हा झोपली. असं झोपणारं जनावर रायखानने सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

यंत्रातून आकडे आले ते तिच्या अंदाजापेक्षाही स्पष्ट होते. सतरा एका बाजूला. तोलेगेनचे तीन बेटावरच्या बाराच्या जवळ, फक्त ताज्या धसक्याच्या खुणा अंगावर घेऊन. तिने दार लावून घेतलं आणि टेबलावर डोकं टेकून बसली. रडू आलं नाही. भावाला हसताना ऐकू आल्यासारखं झालं, आणि त्यामागोमाग इतका गार राग आला की तिने स्वेटर चढवला.

आता हे कुठे न्यायचं? पोलिसांत? तिची सही अहवालावर होती. प्रयोगशाळेतली एक बाई भावासाठी कांगावा करते, एवढंच म्हणाले असते. कबदेशांचं नाव मोठं होतं. तेव्हा तिला सुचलं की त्यांचं नाव मोठं आहे तर तेच वापरावं.

तीस वर्षांत या केंद्रातून एकही लेख असा गेला नव्हता ज्यावर पहिलं नाव कबदेशांचं नाही. काम कुणाचंही असो. आणि त्या वर्षी त्यांना मोठं काहीतरी हवंच होतं. शरद ऋतूत अकताऊला पाच देशांचे सागरतज्ज्ञ जमणार होते, राजधानीतलं एक पद रिकामं झालं होतं. 'दीर्घकाळच्या ताणाचा कॅस्पियन सीलच्या जनुकांवर परिणाम' असं शीर्षक तिने त्यांच्यासमोर ठेवलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले.

"हे उत्तम आहे," ते म्हणाले. "आपल्या भागात असं कुणीच केलेलं नाही. नमुने कुठले?"

"आपल्याच किनाऱ्यावरचे, अगाय. तारखा, क्रमांक, सगळं मागच्या तक्त्यात आहे."

"ताण कसला म्हणायचा? समुद्र आटतोय त्याचा?"

"कारणांवर पूर्ण एक भाग लिहिलाय. वाचून बघा."

"तू लिहिलंयस म्हणजे नीटच असणार." त्यांनी पहिलं पान उलटून पाहिलं. स्वतःचं नाव कुठे आहे ते शोधलं. होतं, सगळ्यात वर. त्यांनी पेन काढलं.

"अगाय, प्रत्येक पानावर सही लागते. तक्त्यावरसुद्धा. नियतकालिकाचा नियम आहे."

ते प्रत्येक पानावर सही करत गेले. ती शेजारी उभी राहून पानं उलटत होती. सतराव्या पानावर नमुन्यांचा तक्ता होता: क्रमांक एक ते वीस, तारखा सात वर्षांपूर्वीच्या, अठरा ते वीस यांच्यासमोर 'जाळ्यात मृत, आणणारा तोलेगेन'. कबदेशांचं पेन त्या ओळीच्या दोन बोटं खाली आलं. त्यांनी नजर फिरवली असती तरी दिसलं असतं. रायखानने पान धरून ठेवलं. "एकदा वाचून घ्या ना," ती म्हणाली. आणि तेव्हा ते वाचोत असं तिला वाटत होतं की न वाचोत, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

"वाचत बसलो असतो तर संचालक कधी झालो असतो?" ते हसले आणि सही केली.

संध्याकाळी सागिंदिकने तिला टोकलं. "ही फसवणूक नाही का गं?"

"मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. कागद त्याच्या हातात दिला. वाचायचं काम त्याचं."

"बाई, तू माझी बहीण नाहीस हे बरं आहे. नाहीतर मी झोपलोच नसतो."

लेख छापून आला, कौतुक झालं. ऑक्टोबरमध्ये सभागृह भरलं. पाहुणे, अधिकारी, जहाज कंपनीची माणसं पहिल्या रांगेत. रायखानने कोळ्यांच्या संघटनेलाही रीतसर निमंत्रण पाठवलं होतं. सागिंदिक ठेवणीतला कोट घालून मागे बसला होता. मांडीवर दोन कागद होते. कबदेश छान बोलले. बोलणं त्यांना यायचंच. रायखानने लिहून दिलेलं भाषण त्यांनी पहिल्यांदा तिथेच नीट वाचलं असावं, कारण जहाजांचा उल्लेख आला तसा त्यांचा आवाज थोडा अडखळला. पण समोर परदेशी पाहुणे माना डोलावत होते. ते तसेच पुढे गेले.

प्रश्नांची वेळ आली. सागिंदिक उभा राहिला.

"मी शिकलेला माणूस नाही, अगाय. मासे धरतो. तुमचे दोन कागद आणलेत. हा नवा लेख आणि हा सात वर्षांपूर्वीचा अहवाल. नव्यातले बेटावरचे बारा सोडले तर दोन्हीत वीस नमुने आहेत, आणि तारीख-क्रमांकासकट ते तेच वीस आहेत. जुन्यात लिहिलंय, चार नंबरचा सील जाळ्यात गुदमरला. नव्यात लिहिलंय, चार नंबरला जाळ्याची खूण नाही, जहाजांच्या त्रासाने महिनोन्महिने झिजून मेला. तुमची सही दोन्हीवर आहे. यातली खरी कुठली?"

सभागृहात खुर्च्या करकरल्या. पहिल्या रांगेतला एक माणूस उठून बाहेर गेला. कबदेशांनी लेखाची प्रत उघडली, मागचं पान काढलं आणि तिथे त्यांची बोटं थांबली. मग त्यांनी मान वर केली आणि रायखानला शोधलं. सात वर्षं ती ज्या नजरेची वाट पाहत होती ती हीच. ती तिने पुरती पाहून घेतली, घाई केली नाही.

"हे काम... हे माझ्या सहकारी रायखान यांनी केलेलं आहे," ते म्हणाले. "तपशिलाची जबाबदारी त्यांची."

रायखान उठली. "खरं आहे. काम माझं आहे. जुन्या अहवालातलं नववं पानही माझंच होतं, ते काढलं गेलं. आणि त्या खोट्या अहवालावर माझीसुद्धा सही आहे. मी घाबरून केली. त्या सहीने माझा भाऊ तोलेगेन मेला. जी चौकशी कराल ती आम्हा दोघांची करा."

चौकशी चौदा महिने चालली. मूळ नोंदवही निघाली. तिच्याजवळ नवव्या पानाची प्रत होती, तीही चौकशीत दाखल झाली. कबदेशांचं पद गेलं, पदवी गेली, तीस वर्षांचे लेख एकेक करून तपासायला काढले गेले. त्यांतले कितीतरी दुसऱ्यांचे निघाले. रायखानलाही काढून टाकलं. तिने अपील केलं नाही. जानेवारी ते मार्च बाळंतपणाच्या बर्फाला वळसा घालून जायचा हुकूम जहाजांना झाला. सागिंदिक म्हणतो, वरून हेलिकॉप्टर फिरत असेल त्या दिवशी ती वळसा घालतात.

तोलेगेनची शिक्षा रद्द झाल्याचा कागद आला तेव्हा झानिल खिडकीशी लोकर पिंजत बसली होती. रायखानने तो मोठ्याने वाचला. आई भिंतीकडे बघून म्हणाली, "परत वाचायला सांगा." तिने परत वाचला.

"आता तो जुना वाच," आई म्हणाली. या खेपेला भिंतीला नव्हे. "जिथे तुझी सही आहे तो."

रायखानने जुना अहवाल काढला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. स्वतःचं नाव वाचताना तिचा आवाज कापरा झाला.

"हं," झानिल म्हणाली. "ऊठ आता. लोकर भिजवायचीय, पाणी तापव."

तेवढंच. पण ते लेकीला सांगितलेलं होतं.

पुढच्या वसंतात एका दुपारी कबदेश दारात आले. काठी घेऊन, चार जिने चढून, धापा टाकत. पाहुण्याला दारातून परतवायची रीत नाही. रायखानने त्यांना बसवलं, किटली ठेवली.

"तू मला सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. "एकदा नुसतं म्हणाली असतीस, अगाय, ते नमुने आहेत हे. मी काहीतरी मार्ग काढला असता. तुझ्या भावासाठीसुद्धा."

"सात वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

"मी तुला शिकवलं, रायखान. हातात सुरी कशी धरायची ते मी शिकवलं."

"म्हणूनच नीट धरता आली."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "माझी नातवंडं शाळेत जातात. पोरं त्यांना माझ्या नावाने चिडवतात. त्यांचा काय दोष?"

"तोलेगेनला नातवंडं नाहीत," ती म्हणाली. "मुलंच झाली नाहीत. वेळ मिळाला नाही."

तिने पेल्यात चहा ओतला. आमच्याकडे पाहुण्याला पेला अर्ध्याहून कमीच भरून देतात, पुन्हा पुन्हा ओतण्याच्या निमित्ताने तो बसून राहावा म्हणून. काठोकाठ भरलेला पेला हातात दिला की समजायचं, हा घ्या आणि निघा. रायखान ओतत राहिली. चहा काठाला लागला, वर फुगून उभा राहिला. तिने तो दोन्ही हातांनी, एक थेंब न सांडता, त्यांच्यापुढे ठेवला.

कबदेशांनी पेल्याकडे पाहिलं. उचलला, कढत होता तसाच प्यायले, आणि काठी शोधत उठले. आतल्या खोलीतून झानिलने खणखणीत आवाजात विचारलं, "गेला का तो?"

"जातोय, शेशे."

जिन्यावर काठीचा आवाज बराच वेळ येत होता. प्रत्येक मजल्यावर थांबत. रायखान दारात उभी राहून ऐकत होती. आपल्याला वाईट वाटेल, अशी तिने थोडा वेळ वाट पाहिली. वाटलं नाही. खालचं दार लागल्याचा आवाज आला तसं तिने आपलंही दार लावलं आणि कढई गॅसवर ठेवली. आईला भूक लागली होती.